आत्याने दिलेले सात लाख कुणाचे?

वाचक भगिनीचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून):

«सप्रेम नमस्कार. मी ३७ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माहेर सातारा जिल्ह्यात. माझी आत्या ७२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिचे मिस्टर एसटीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. स्वतःच्या पैशातून घेतलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून ती राहते.

डिसेंबर २०२४ मध्ये तिने माझ्या धाकट्या भावाला सात लाख रुपये दिले. त्याची कृषी पदविका झालीय, खते-बियाण्यांचं दुकान काढायचं होतं. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजनेतली ठेव मोडून तिने दिले. आठ महिने तो ‘परवाना अडकलाय’ असं सांगत राहिला. राखीपौर्णिमेला आत्याने सहज विचारलं, दुकानाच्या पूजेला कधी येऊ? तेव्हा तो रडायलाच लागला. पाच लाखांच्या वर शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये गेले, उरलेले कुठे गेले ते नीट सांगत नाही. आता तो एका शोरूममध्ये १८ हजारांवर कामाला लागलाय.

बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. खरं तर आत्याकडे माग, असं त्याला बाबांनीच सुचवलं होतं. आई म्हणते, पोर आहे, चुकलं. चुलतभाऊ म्हणतो, आत्याला आता व्यवहार कळत नाही, तिचं पासबुक-एटीएम आपण ताब्यात घेऊ आणि फ्लॅटचं बक्षीसपत्र करून टाकू, निदान तो तरी वाचेल. आणि आत्या नुसतं ‘जाऊ दे’ म्हणते. मला ते सहन होत नाही. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं तेव्हा घरात पैसे नव्हते, आणि आत्याकडे मागायचं कुणाला सुचलं नाही. ते पैसे आज ना उद्या आमच्याच घरात येणार होते, ते असे उडाले. केस करता येईल का? भावाकडून वसूल कसे करू? भाऊबीजेला त्याला ओवाळू का?»

ताई,

तुमचा राग खरा आहे आणि तो कमी करा असं मी सांगणार नाही. पण पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ‘ते पैसे आज ना उद्या आमच्याच घरात येणार होते.’

ते पैसे तुमचे नव्हते, भावाचे नव्हते, बाबांचेही नव्हते. तीसेक वर्षं खडू हातात धरून जिने नोकरी केली, तिचे ते होते. आपल्याकडे मूल नसलेल्या कमावत्या बाईच्या बाबतीत एक वाक्य फार सहज बोललं जातं, ‘तिला तरी कोण आहे पुढेमागे?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या वाक्याच्या आधारावर तिचा पगार, तिचा फंड, तिचं सोनं हळूहळू सगळ्या घराची शिल्लक होऊन बसतं. कुणाच्या घराचा स्लॅब, कुणाची फी, कुणाच्या लग्नातला दागिना. तीही देते. प्रेमाने देते, आणि देत राहिलो तर या घरात आपली जागा राहील, या भरवशावरही देते. तुमचा भाऊ खोटं बोलला, हा त्याचा गुन्हा त्याच्या पदरात. पण ‘आत्याकडे माग’ हे बाबांनी सुचवलं, ‘फ्लॅट तरी वाचवू’ हे चुलतभाऊ म्हणतोय आणि ‘आमच्याच घरात येणार होते’ हे तुम्ही लिहिलंत. पैसे शेअर बाजारात जाण्याच्या कितीतरी आधी ते आत्याचे राहिले नव्हते. तुमच्या घरातलं भांडण मला या जागी सुरू झालेलं दिसतं.

आणि कायद्याचं म्हणाल, तर ते पैसे ‘आज ना उद्या’ तुमच्या घरात येणारच होते हेही खरं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू स्त्रीची मालमत्ता आधी मुलंबाळं आणि नवऱ्याकडे जाते. ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. त्यानंतर तिच्या आईवडिलांकडे, आणि त्याच्याही नंतर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाकडे. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला वेगळा नियम आहे. पण स्वतःच्या कमाईचा फ्लॅट, पोस्टातली ठेव, बँकेतली शिल्लक हे सगळं आत्याने मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या सासरकडे, दीर असतील तर त्यांच्याकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जाईल. स्वतः राबून कमावलेल्या पैशाला हा नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा असा आहे. तुम्ही सगळे ज्या वाट्यावरून एकमेकांची तोंडं बघत नाही, तो वाटा आत्याने स्वतः लिहून दिल्याशिवाय तुमचा नाहीच. कृपा करून हे वाचून उद्याच तिच्याकडे कागद घेऊन धावू नका. मृत्युपत्राचं पुढे सांगते.

सात लाख गेले म्हणजे आत्याचं काय गेलं, याचा हिशोब घरात कुणी केलाय का? तो करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. त्या दराने सात लाखांवर वर्षाला ५७,४०० रुपये, म्हणजे दर तिमाहीला १४,३५० रुपये व्याज. खातं एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे साडेदहा हजार. तिची ठेव त्या टप्प्यावर मोडली असेल तर तेवढे तर देतानाच गेले. पेन्शन चालू आहे, त्यामुळे तिच्या रोजच्या दूध-भाजीचं अडणार नाही. पण एकट्या राहणाऱ्या बाईला अशी ठेव कशासाठी लागते? गुडघ्याचं ऑपरेशन, रात्रीची बाई ठेवायची वेळ, दवाखान्यात आधी भरायची अनामत, ‘माझ्यामुळे कुणाची ओढाताण नको’ म्हणून. भावाने उडवलं ते हे. तुमच्या घरातली चर्चा मात्र वारसाच्या पैशाची चाललीय, आणि आत्याच्या म्हातारपणाचं नाव कुणी घेत नाही.

आता केसचं. स्पष्ट सांगते, केस करायची झालीच तर ती आत्याने करायची. तुम्ही, बाबा किंवा चुलतभाऊ यांना तो अधिकार नाही. आणि तिलाही ही वाट सोपी नाही. आपखुशीने दिलेली आणि समोरच्याने घेतलेली भेट नंतर मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधलं कलम १२६ तसं सांगतं. अमुक घडलं तर भेट रद्द, असं दोघांत आधी ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. इथे तसा कागद नाही. ‘दुकान काढ हो’ एवढं प्रेमाचं बोलणं होतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा लोक लगेच पुढे करतात. त्याचं कलम २३ आहे ते सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी. घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून ते देणं रद्द करून घेता येतं. तुमच्या भावाला पैसे दुकानासाठी दिले होते, आत्याला सांभाळण्याच्या अटीवर नव्हे, म्हणून हे कलम इथे नीट बसत नाही. राहिली फसवणुकीची फौजदारी तक्रार. तिथे पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. त्याने आधी खरंच दुकानाचा विचार केला आणि मग मोहात पडला असेल, तर ते सिद्ध होणं अवघड. उलट परवान्याचा अर्जच कधी केला नसेल आणि पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात ब्रोकरकडे वळवले असतील, तर चित्र बदलतं. म्हणून केस करा न करा, तारखांसकट हिशोब आत्याला मिळायलाच हवा.

तो हिशोब मागायचा म्हणजे घरच्या बैठकीत त्याला मध्ये बसवून सगळ्यांनी ओरडायचं नाही. डिसेंबर २०२४ पासूनचं बँकेचं स्टेटमेंट, ब्रोकरच्या ॲपमधून निघणारं लेजर (खातेउतारा) आणि वर्षाचा नफा-तोट्याचा अहवाल, आणि त्याच्या नावावरची सगळी कर्जं दाखवणारा सिबिलचा अहवाल, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. शेवटचा फार महत्त्वाचा. ‘उरलेले कुठे गेले ते नीट सांगत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी बहुधा मोबाइल ॲपवरून घेतलेली छोटी-छोटी कर्जं असतात, आणि उरलेले पैसे त्यांचे हप्ते भरण्यात गेलेले असतात. तसं असेल तर ते अजून संपलेलं नसेल. हे कागद त्याने स्वतः काढावेत आणि आत्यासमोर ठेवावेत. तिला आकडे कळतात. पोरांना गणित शिकवलेली बाई आहे ती.

दुसरा प्रश्न त्याला एकट्याला गाठून विचारा आणि शांतपणे विचारा, अजून ट्रेडिंग चालू आहे का? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचं आढळलं. तोटा माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये असे व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते. तुमच्या भावासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा पुढे आहे: सलग तोटा खाऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले. गेलेले परत मिळवायचे, एकदा मिळाले की सगळ्यांचे फेडून टाकायचे, याच विचारात माणूस अडकतो. तुमच्या भावाला आत्याचे पैसे ‘परत करायचे’ आहेत म्हणून तो आजही रात्री ॲप उघडत असेल, ही शक्यता मला खरी वाटते. तसं असेल तर वसुलीचा कोणताही करार व्यर्थ आहे. आधी डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचा, विभाग ब्रोकरकडे अर्ज करून बंद करून घ्या, शक्यतो डिमॅट खातंही.

आणि त्याच्याशी घरातलं कुणीतरी बोलत राहिलं पाहिजे. बाबा बोलत नाहीत, तुम्ही दूर आहात, आई फक्त पाठीशी घालते. वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर ते तो एकटाच घेत असेल. कर्ज आणि लाज एकत्र आली की तरुण मुलं टोकाला जातात, हे आपण सगळ्यांनी आपापल्या गावात पाहिलंय. झोप उडालीय का, जेवण तुटलंय का, ‘माझं काही खरं नाही’ असं बोलतोय का, याकडे लक्ष द्या. शंका आली तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. त्याला जबाबदार धरणं आणि त्याला जिवंत, धड ठेवणं या दोन्ही गोष्टी तुम्हाला एकाच वेळी करायच्या आहेत.

वसुलीचं गणित तुम्हाला आवडणार नाही, पण मांडते. अठरा हजार पगारातून त्याने महिन्याला पाच हजार दिले तर सात लाख फिटायला १४० महिने लागतील, म्हणजे ११ वर्षं ८ महिने. तेही व्याज न धरता. आत्या तेव्हा ८४ ला टेकलेली असेल. म्हणजे पूर्ण रक्कम तिच्या उपयोगाच्या वयात परत येईल, असं धरून चालू नका. तरी हप्ता सुरू झाला पाहिजे, आणि तो याच महिन्यापासून. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप आत्याच्या खात्यात जाईल अशी सूचना देऊन ठेवायची. हातात रोख नको. आईने गुपचूप भरले असंही नको.

याला एक साधा कागद करा. ‘अमुक तारखेला दुकानासाठी घेतलेले सात लाख रुपये ठरल्या कामासाठी वापरले नाहीत, ते मी दरमहा इतके याप्रमाणे परत करत आहे’, खाली त्याची सही, तारीख, आणि आत्याची सही. कोर्टासाठी नाही, दोघांत स्पष्टता राहावी म्हणून. आणि करासाठीही. आयकराच्या नियमात जवळच्या नातेवाइकाने दिलेली भेट करमुक्त असते, पण नात्यांची ती यादी दोन्ही बाजूंनी सारखी नाही. आत्या भाच्याला देते तेव्हा भाच्याला कर नाही, कारण आईवडिलांची भावंडं यादीत आहेत. भाचा आत्याला देतो तेव्हा तो तिच्या यादीत बसत नाही. पाच हजारांप्रमाणे वर्षाचे साठ हजार होतात. पन्नास हजारांच्या वरची रक्कम भेट समजली गेली तर सगळी तिच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. परतफेड आहे असं लिहिलेलं असलं, पैसे बँकेतूनच गेले असले, की विचारणाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं. गावातल्या सीएला एकदा कागद दाखवून घ्या. त्याच वेळी भावाचं विवरणपत्र वेळेत भरलं गेलंय का तेही विचारा. ऑप्शनमधला तोटा व्यवसायातला तोटा मानला जातो आणि विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर तो पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. त्याने खरंच कधी दुकान काढलं तर उपयोगी पडेल.

हे सगळं मात्र आत्याला विचारल्यावर. तिच्या ‘जाऊ दे’चा तुम्हाला राग येतो. तो शब्द ऐकताच सगळे पुढच्या विषयाकडे वळतात, हे मला जास्त बोचतं. त्या पिढीच्या बायका ‘जाऊ दे’ कशाकशाच्या जागी म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. मला माफ करायचंय. मला यावर बोलायचं नाही. मी बोलले तर घर फुटेल. मला कुणी विचारलंच नाही. यातलं कोणतं आहे हे तिच्या घरी जाऊन, एकट्याने बसूनच कळेल. माहेरच्या ओट्यावर नको, आईसमोर नको. तुमच्या फोनवर चुलतभावाचा मेसेज उघडा ठेवून तर मुळीच नको. ‘आत्या, तुला काय हवंय? पैसे परत हवेत, की त्याने तुझ्यासमोर बसून खरं सांगावं असं हवंय, की हा विषयच नको?’ असं सरळ विचारा, आणि मग गप्प बसा. ती लगेच बोलणार नाही. बोलली आणि ‘मला परत नको’ म्हणाली, तर तुम्हाला ते मान्य करावं लागेल. तिने दिलेले पैसे माफ करायचा अधिकार तिचाच. तुम्ही तिच्या वतीने रागावू शकता, तिच्या वतीने वसुली करू शकत नाही. पण ती ‘मला खोटं बोलला त्याचं वाईट वाटतं’ एवढंच म्हणाली, तरी भावाला काय करायचं ते ठरलं. त्याने तिच्याकडे जाऊन आठ महिन्यांचं एकेक खोटं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. रडून सुटका नाही.

चुलतभावाची योजना मला सगळ्यात घातक वाटते, त्यामुळे यात मी सौम्य बोलणार नाही. आत्याला व्यवहार कळत नाही कशावरून? ती फसली, म्हणून? भाच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा अडाणीपणा नव्हे. शिकलेली पन्नाशीतली माणसंही फसतात, त्यांचं एटीएम कुणी काढून घेत नाही. तिचं पासबुक आणि कार्ड तिच्याच कपाटात राहील. खात्यावर एसएमएसची सोय तिच्या मोबाइलवर आहे का बघा, नॉमिनी नोंदलाय का बघा, एवढी मदत पुरे. खातं ‘जॉइंट’ करण्याचा आग्रह कुणी धरला तर तिला समजावून सांगा की दोघांपैकी कुणीही काढू शकेल अशा खात्यातले पैसे दुसरा माणूस तिला न विचारता काढू शकतो.

बक्षीसपत्र तर अजिबात नको. नोंदणी झाली की फ्लॅट त्याच दिवशी दुसऱ्याचा होतो आणि आत्या स्वतःच्या घरात पाहुणी होते. नंतर सांभाळलं नाही म्हणून रद्द करून घ्यायची वेळ आली तर, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटल्याप्रमाणे, सांभाळण्याची अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आणि एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत देववलं. पण त्यासाठी त्या माउलीला न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आत्याला त्या वाटेवर का ढकलायचं?

तिला वाटलं तर तिने मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर होतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हवं तेव्हा बदलता येतं आणि शेवटच्या श्वासापर्यंत घर तिचंच राहतं. साक्षीदार असे असावेत ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, शाळेतल्या जुन्या सहकारी बाई, शेजारचे डॉक्टर. लिहिताना तुमच्यापैकी कुणीही खोलीत नसावं. आणि तिने त्यात काय लिहिलं हे विचारायचं नाही. सासरच्या पुतण्याला दिलं, शाळेला दिलं, तुमच्या भावालाच दिलं, तरी. शेवटचं ऐकून तुम्हाला कसंसं झालं असेल. पण देणं तिचं आहे म्हटलं की तेही तिचंच.

बाबांबद्दल. ते मुलाशी बोलत नाहीत याला घरात शिक्षा समजलं जातंय. मला त्यात स्वतःची बाजू झाकणंही दिसतं. मागायला त्यांनी पाठवलं होतं. दुकानाची जागा बघायला ते गेले होते का? परवान्याचं पुढे काय झालं हे कृषी कार्यालयात जाऊन विचारलं का? आठ महिन्यांत एकदाही? थोरल्या बहिणीची ठेव आपल्या मुलासाठी मोडली गेली, तेव्हा भावाने एवढं तरी करायचं होतं. तुम्ही त्यांच्याशी हे बोला. तुमच्याइतकं सरळ त्यांच्याशी कुणी बोलू शकणार नाही. त्यांनी बहिणीकडे जाऊन ‘मी त्याला पाठवलं होतं, चूक माझीही आहे’ असं म्हणावं, आणि हप्त्यात आपला वाटा घालावा. निवृत्त असतील तर दोन हजार का होईना. त्यांनी असं केलं तर मुलाशी बोलायला त्यांना तोंड राहील, आणि मुलालाही त्यांचं ऐकावं लागेल.

आता तुमचं. बारावीनंतरची ती गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण सगळ्या पत्रात मला तीच सर्वांत दुखरी वाटली. मुलीच्या शिक्षणासाठी आत्याकडे शब्द टाकायचं कुणाला सुचलं नाही आणि मुलाच्या दुकानासाठी लगेच सुचलं. हा अन्याय झालेला आहे. तो तुमच्या आईवडिलांनी केलाय, आणि तो त्यांच्यासमोर मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात. या सात लाखांच्या वसुलीतून तो भरून निघणार नाही. भावाने उद्या सगळे पैसे आणून ठेवले तरी तुमची ती वर्षं परत येत नाहीत. आत्याशीही यावर बोला असं मला वाटतं. बहुधा तिला त्या वेळी काही माहीतच नव्हतं. तुम्हा आत्या-भाचीमध्ये वीस वर्षं न बोललेलं असं काही असेल, तर ते सात लाखांपेक्षा आधी बोलायला हवं.

भाऊबीजेला ओवाळा. त्या दिवशी हिशोबाचा विषय काढू नका, आणि ओवाळलं म्हणजे माफ केलं असंही कुणाला समजू देऊ नका. ओवाळणी मात्र घेऊ नका. ‘ते पैसे आत्याच्या हप्त्यात घाल’ म्हणून त्याच्या हातात परत ठेवा.

या सगळ्याआधी भावाला एक काम लावा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. त्याला ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड लागतं, आधारवरून निघतं. आत्या ७२ ची आहे आणि तिचं कार्ड काढलेलं नसावं, अशी माझी शंका आहे. भावाने सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन जावं, रांगेत तिच्यासाठी उभं राहावं, कार्ड काढून द्यावं, आणि जिल्ह्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत त्याची चिठ्ठी तिच्या फोनशेजारी लावून यावी. ठेव गेल्यामुळे तिची दवाखान्याची जी सोय गेली, तिचा थोडा भाग यातून या महिन्यातच भरून निघेल, आणि त्याला अकरा वर्षं थांबावं लागणार नाही. येताना ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मदतीचा १४५६७ हा क्रमांकही तिच्या मोबाइलमध्ये घालून द्यायला सांगा. चुलतभाऊ पुन्हा पासबुक मागायला आला आणि तुम्ही पुण्यात असलात, तर फोन कुठे करायचा हे तिला माहीत असावं.